शब्दांचा बंदोबस्त

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पेशाने शिक्षक. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. आज मी जे मांडणार आहे ते कोणाला राजकारण वाटेल; पण माझ्या दृष्टीने तो भाषेचाच धडा आहे. सरकार जेव्हा पोलीस, तुरुंग आणि फौज यांविषयी बोलते तेव्हा ते कोणते शब्द वापरते, तेच शब्द का निवडते, आणि त्या शब्दांमुळे आपल्या डोळ्यांसमोरचे चित्र कसे पालटते, एवढाच या धड्याचा विषय आहे.

सुरुवात एका ओळखीच्या शब्दापासून करू. ‘बंदोबस्त’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. बांधणे, व्यवस्था लावणे हा त्याचा मूळ अर्थ. जमीनमहसुलाची व्यवस्था लावली तर तो बंदोबस्त. घरी पाहुणे आले आणि त्यांच्या जेवणाची सोय केली तरी बंदोबस्तच. आज मात्र मोहरम, गणपती किंवा निवडणूक आली की बंदोबस्त म्हणजे चौकात उभे असलेले पोलीस. आता विद्यार्थी मित्रांनो, नीट लक्ष द्या. ‘लोकांसाठी बंदोबस्त ठेवला’ असे म्हटले तर पोलीस आपल्या रक्षणाला उभे आहेत. ‘लोकांचा बंदोबस्त केला’ असे म्हटले तर तेच पोलीस आपल्यावर चालून आले आहेत. शब्द एकच, ‘साठी’ आणि ‘चा’ यांत सारा फरक. सुरक्षेच्या प्रत्येक धोरणाला हाच प्रश्न विचारावयाचा असतो: हे आमच्यासाठी आहे की आमचे करावयाचे आहे?

इतिहासातील पहिले उदाहरण आपल्याच राज्यातले घेऊ. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरले. मुख्य तुकडी सोलापूरच्या बाजूने नळदुर्गवरून पुढे गेली. रणगाडे होते, विमाने होती. सैन्याच्या कागदांत या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे होते. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. पण जगाला आणि देशाला सांगितले गेलेले नाव होते ‘पोलीस अ‍ॅक्शन’. मराठवाड्यातील वृद्ध माणसे आजही त्या काळाला ‘पोलीस अ‍ॅक्शन’च म्हणतात.

सैन्याच्या कारवाईला पोलिसांचे नाव कशासाठी? त्याचे कारण त्या वेळच्या परिस्थितीत आहे. हैदराबाद सरकारने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे नेली होती. युद्ध दोन देशांत होते, पोलिसांची कारवाई आपल्याच घरात होते. ‘युद्ध’ म्हटले असते तर हैदराबाद हा वेगळा देश आहे असे मान्य केल्यासारखे झाले असते. एका शब्दाने भारत सरकारने आपली कायदेशीर बाजू मांडली.

त्या कारवाईमागे खरे कारण होते, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो. रझाकारांनी लोकांवर अत्याचार केले होते. विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी खून केला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लोक लढत होते. संस्थान भारतात आले हे योग्यच झाले.

परंतु शब्दाने एक गोष्ट झाकलीही. पोलीस अ‍ॅक्शन म्हटले की चार-पाच दिवसांत शिस्तीत आटोपलेले काम डोळ्यांसमोर येते. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाडा आणि शेजारच्या जिल्ह्यांत जे घडले ते त्या शब्दात मावत नाही. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्याबरोबर काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना तेथे पाठविले. त्यांच्या अहवालात २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ बसली असे तो सांगतो. हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचविल्याचेही त्यात नमूद आहे. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. ज्या घटनेला नावच मिळत नाही तिचा शोक करणेही अवघड होते.

आता त्याच तारखेची गंमत पाहा. १७ सप्टेंबर हा महाराष्ट्रात ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ आहे. २०२२ साली केंद्र सरकारने तो ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणून साजरा केला, तर त्याच दिवशी तेलंगणा सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून. दिवस एक, नावे अनेक. नाव निवडणारा त्या दिवसाची कोणती आठवण ठेवावयाची तेही निवडतो.

दुसरे उदाहरण गोव्याचे. साऱ्या जगात वसाहती मोकळ्या होऊ लागल्या तेव्हा पोर्तुगालच्या सालाझार सरकारने १९५१ मध्ये आपल्या राज्यघटनेतच दुरुस्ती केली. ‘वसाहत’ हा शब्द काढला आणि ‘सागरापलीकडील प्रांत’ हा शब्द घातला. झाले! गोवा ही वसाहतच नाही, तर सोडावयाचे काय? पणजीतील पोलीस तेच, तुरुंग तेच. मात्र स्वातंत्र्य मागणारा गोवेकर आता वसाहतीतील देशभक्त न राहता स्वतःच्या देशाविरुद्ध उठलेला बंडखोर ठरला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला, त्या मोहिमेचे नाव ‘विजय’. पोर्तुगालने तिला ‘आक्रमण’ म्हटले. नाव बदलल्याने सत्य बदलत नाही. पण सत्याला दहा वर्षे दारात ताटकळत ठेवता येते.

तिसरे उदाहरण शिक्षकाच्या मनाला अधिक लागणारे आहे. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली. त्या वेळी घटनेच्या ३५२ व्या कलमात ‘अंतर्गत अशांतता’ असे शब्द होते. अशांतता कशाला म्हणावे? मोर्चाला? संपाला? शब्द इतका सैल की त्यात सारे काही बसले. १९७१ चा ‘मिसा’, म्हणजे अंतर्गत सुरक्षा राखण्याचा कायदा, हाताशी होताच. पुढे शहा आयोगाने जी आकडेवारी दिली तीनुसार सुमारे ३५ हजार माणसे ‘मिसा’खाली स्थानबद्ध झाली आणि ७५ हजारांहून अधिक माणसे भारत संरक्षण नियमांखाली पकडली गेली. कायद्यांची नावे पाहा: सुरक्षा आणि संरक्षण! आत गेले ते कोण? विरोधी पक्षांचे पुढारी, कार्यकर्ते, पत्रकार आणि विद्यार्थी.

या काळात एक घोषवाक्य भिंतीभिंतीवर झळकले: ‘अनुशासन पर्व’. हे शब्द विनोबा भावे यांचे. ते त्या वेळी पवनारच्या आश्रमात मौनात होते. सरकारने ते दोन शब्द उचलले आणि आणीबाणीला एका संताचा आशीर्वाद असल्यासारखे ते देशभर लावले. मौन संपल्यावर विनोबांनी खुलासा केला की शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे असते. पण खुलासा किती लोकांनी ऐकला? घोषवाक्याला पाय असतात, खुलाशाला नसतात. आम्ही शिक्षक वर्गात शिस्त शिकवितो. ती मुलाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून. भीतीने गप्प बसणे याला शिस्त म्हणावयास मी तरी तयार नाही.

याच प्रकरणात एक आशेची गोष्टही आहे. १९७८ मध्ये ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून तेथे ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. केवळ दोन शब्द! परंतु आज कोणत्याही सरकारला देशातील मोर्चा किंवा संप दाखवून आणीबाणी लावता येणार नाही. सैल शब्द काढून नेमका शब्द घालणे ही नागरिकांचे रक्षण करणारी गोष्ट आहे. मराठीच्या तासाला ‘योग्य शब्द निवडा’ हा प्रश्न कंटाळवाणा वाटणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या राज्यात लागू असलेल्या एका कायद्याकडे वळू. १९८१ साली महाराष्ट्राने एक कायदा केला. झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना खटल्याआधीच स्थानबद्ध करण्याचा तो कायदा. सल्लागार मंडळाच्या संमतीने एका वर्षापर्यंत माणसाला आत ठेवता येते. लोक त्याला ‘झोपडपट्टीदादा कायदा’ म्हणतात. १९९६ मध्ये त्यात ‘धोकादायक व्यक्ती’ आल्या, २००९ मध्ये चित्रफितींची चोरी करणारे आले, २०१५ मध्ये वाळूतस्कर आणि काळाबाजार करणारे आले. यांपैकी कित्येकांना शिक्षा व्हावयासच हवी, याबद्दल वाद नाही. पण दोन गोष्टी पाहा. पहिली, एकदा दार उघडले की त्यातून नवी नावे येत राहतात. दुसरी, गुंड हा गुंडच. त्याच्यामागे ‘झोपडपट्टी’ हे विशेषण का? झोपडपट्टीत गिरणी कामगार राहिला, धुणीभांडी करणारी बाई राहते, दहावीला पहिला येणारा मुलगाही राहतो. कायद्याच्या नावाने त्या सर्वांच्या पत्त्यावर डाग पडतो.

आणि अगदी अलीकडचे उदाहरण. जुलै २०२४ मध्ये ‘महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक’ विधानसभेत मांडले गेले. नक्षलवाद आता शहरांतही पसरत आहे, त्याच्या आघाडीच्या संघटनांना आळा घातला पाहिजे, असे सरकारचे म्हणणे. लोकांच्या तोंडी मात्र एकच शब्द राहिला: ‘शहरी नक्षल’. गडचिरोलीत माओवाद्यांच्या हिंसेत पोलीस आणि आदिवासी असे दोघेही मेले आहेत. तेव्हा काळजी खोटी नव्हती. पण विधेयकातील बेकायदेशीर कृत्याची व्याख्या वाचली तर तिच्यात कृतीबरोबर बोललेले आणि लिहिलेले शब्द, खुणा आणि चित्रेही होती. कायदा मोडावयास उत्तेजन देणेही होते. मग मिठाचा सत्याग्रह कशात बसला असता, असा प्रश्न कोणाही इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडेल.

लोकांनी प्रश्न विचारले. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. विधेयकाच्या दीर्घ शीर्षकात आधी ‘व्यक्ती आणि संघटना’ असे शब्द होते. तेथे ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असे शब्द आले. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने ते मंजूर केले. टीकाकारांचे सर्व आक्षेप दूर झाले नाहीत. ‘तत्सम’ हा शब्दही लहान नाही. कोण तत्सम हे कोणी ठरवावयाचे? तरी एवढे खरे की ज्यांनी विधेयक वाचले, कलमावर बोट ठेवले आणि लेखी सूचना पाठविली, त्यांनी काही शब्द हलविले. नुसते नाव ऐकून जे घाबरले किंवा नुसते नाव ऐकून जे खूष झाले, त्यांनी काहीही हलविले नाही.

ही रीत आपल्याच देशाची नाही. १९५० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी कोरियातील लढाईला ‘पोलीस कारवाई’ म्हणण्यास होकार दिला. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याचे सरकारी नाव ‘विशेष लष्करी कारवाई’. तेथे युद्धाला युद्ध म्हणणाऱ्या माणसांना दंड आणि तुरुंग सोसावे लागले.

आता आंबिवलीत परत येऊ. आपल्या गावाचे नाव वर्तमानपत्रात अनेकदा ‘कोंबिंग ऑपरेशन’ या शब्दांबरोबर येते. कोंब म्हणजे कंगवा. कंगव्याने केस विंचरून काय काढतात हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. म्हणजे त्या शब्दात वस्ती हे डोके झाले आणि आत राहणारी माणसे काय झाली, ते मी सांगावयास नको. चोरी करणाऱ्याला पकडले पाहिजे; ज्या बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र गेले तिचे दुःख खरे आहे. परंतु गुन्हा माणूस करतो, वस्ती करीत नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून संपूर्ण जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरविले होते. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो रद्द केला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, जिभेवरचा पुसावयास अजून वेळ लागत आहे. आपली मुले नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना क्षणभर थांबतात, ते या जिभेमुळे.

याहून गंभीर शब्द ‘संशयित’ हा आहे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. लोकलने रोज जाणाऱ्या आपल्यासारख्यांना ते दुःख कोणी समजावून सांगावे लागत नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली. एक जण तोपर्यंत मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल इतर खटल्यांत पायंडा म्हणून धरू नये असा आदेश झाला. एकोणीस वर्षे गेली. संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन निराळे शब्द आहेत, आणि त्यांच्यामध्ये माणसाचे सारे तारुण्य मावते. ‘मास्टरमाइंड’ हा चौथा शब्द तर कोणत्याही कलमात नाही. पण पहिल्या पानावर तो पहिल्या दिवशीच येतो. यात स्फोटात मेलेल्यांच्या घरच्यांनाही न्याय मिळत नाही, हे विसरू नका.

मग आपण करावयाचे काय? सरकारच्या प्रत्येक शब्दावर अविश्वास? नाही. सुरक्षा ही गरिबाचीच अधिक गरज आहे. श्रीमंत पहारेकरी ठेवतो, गरिबाला पोलीसच हवा. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्‌रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे, म्हणजे सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचा निग्रह. ब्रीद उत्तम आहे. फक्त खल कोण हे पुराव्याने ठरावे, पत्त्याने किंवा नावाने ठरू नये, एवढीच आपली मागणी.

विद्यार्थी मित्रांनो, बातमी वाचताना चार गोष्टी करा.

पहिली, वाक्यातील कर्ता शोधा. ‘सौम्य लाठीमार करण्यात आला’ या वाक्यात लाठी कोणी मारली? ‘करण्यात आला’ या प्रयोगात कर्ता दडून बसतो. आणि लाठी सौम्य होती हे कोणाच्या पाठीवरून ठरले?

दुसरी, कायद्याचे नाव वाचून थांबू नका, व्याख्येचे कलम वाचा. नाव हे दुकानावरची पाटी असते. माल आत असतो. आपल्या राज्याचे कायदे मराठीत उपलब्ध असतात.

तिसरी, मुदत पाहा. ‘टाडा’ १९८५ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून आला आणि १९९५ पर्यंत राहिला. तात्पुरता म्हणून आलेला पाहुणा किती दिवस राहतो, ते मोजा.

चौथी, दाद कोठे मागावयाची ते पाहा. १९१९ च्या रौलट कायद्याचे लांबलचक इंग्रजी नाव आज कोणाला आठवत नाही. लोकांनी त्याला दिलेले नाव आठवते: ना वकील, ना दलील, ना अपील. सरकारच्या घोषवाक्याला लोकांनी दिलेले हे उत्तर पाहा. यात शिवी नाही. कायद्यात काय नाही ते तीन शब्दांत सांगितले आहे.

पालकांना माझी एक विनंती आहे. हीच फूटपट्टी आपल्या माणसांनाही लावा. आपल्यातलेही पुढारी निवडणूक जवळ आली की अमुक ‘खतरे में’ आहे अशी आरोळी ठोकतात. त्यांनाही विचारा: खतरा नेमका कोणता, कोणत्या कलमात, आणि तुम्ही त्यावर काय केले? शाळेच्या खोल्या किती वाढल्या, गळती किती कमी झाली? भीती विकणारा दुकानदार आपल्या गल्लीतला असला म्हणून माल चांगला ठरत नाही.

आणि घरी मुलाने सरकारी कागद आणला तर तो वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही. पोलीस ठाण्यात, कचेरीत, न्यायालयात जो कागद पुढे येतो त्यावर न वाचता सही किंवा अंगठा देऊ नका. मुलींना तर हे अगत्याने शिकवा, कारण घरावर प्रसंग आला की बहुधा आई, बहीण किंवा पत्नीच कागद घेऊन धावते. ही शाळा काढणाऱ्यांनी मुलांच्या हाती अक्षर दिले ते केवळ नोकरीसाठी नव्हे. ज्याला वाचता येते त्याच्यासाठी बंदोबस्त ठेवावा लागतो. ज्याला वाचता येत नाही त्याचा बंदोबस्त करणे फार सोपे असते.

 जय हिंद, जय महाराष्ट्र. खुदा हाफिज.